तलवार म्यानातच राहू दे

चि. भाचेबाईंस,


बॅटमॅनला सामुराई केलेला तुझा बारा पानांचा आराखडा वाचला. रेघ ठाम आहे, पावसातली कौलारू छपरं छान उतरली आहेत, आणि वटवाघळाच्या कानांचं शिरस्त्राण घातलेला तुझा नायक मुखपृष्ठावर आला तर दुकानात कुणाचाही हात आपसूक तिकडे जाईल. तरी "यात काहीतरी राहून गेलंय" असं तूच लिहिलं आहेस, म्हणून मोकळेपणानं सांगतो. तू त्याच्या अंगावरचं सगळं बदललंस, पण त्याच्या डोक्यावर कोणाची सत्ता आहे याला हात लावला नाहीस. मुखवट्याच्या जागी शिरस्त्राण आलं, मोटारीच्या जागी काळा घोडा आला, आणि माणूस मात्र विसाव्या शतकातल्या अमेरिकन महानगरात वागतो तसाच वागतो आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की नायकाला दुसऱ्या काळात नेताना पोशाख सगळ्यात शेवटी बदलावा. आधी तो ज्या कायद्याखाली जगतो तो बदलावा. मग त्याची एखादी जुनी, ओळखीची कृती जशीच्या तशी ठेवून नव्या कायद्याखाली तिचा अर्थ पालटतो का ते पाहावं. पालटला, तर कॉमिक लिहायचं कारण सापडलं. नाही पालटला, तर ते सुंदर फॅन्सी ड्रेस आहे.

बॅटमॅनच्या बाबतीत ती ओळखीची कृती कोणती, हे ठरवायला त्याच्या जन्माकडे जावं लागतं. बॉब केन आणि बिल फिंगर यांनी त्याला १९३९ मध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या सत्ताविसाव्या अंकात आणलं. तो असा का झाला, हे त्याच वर्षी तेहतिसाव्या अंकात दोन पानांत सांगून टाकलं: रस्त्यावर दरोडेखोर आई-वडिलांना गोळ्या घालतो, मुलगा, ब्रूस वेन, सगळ्या गुन्हेगारांशी लढण्याची शपथ घेतो. त्याच्या पूर्वजांत झोरो आहे हे तुला ठाऊकच आहे. दिवसा आळशी उमराव, रात्री मुखवटा, झगा आणि तलवार. म्हणजे बॅटमॅन हा मुळात तलवारबाजच होता. त्याला शहरात आणताना त्याच्या हातातली तलवार काढून घेतली गेली. सुरुवातीच्या काही गोष्टींत तो माणसं मारतोही. १९४० मध्ये संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी ते बंद करवलं आणि 'बॅटमॅन जीव घेत नाही' हा नियम हळूहळू त्याच्या स्वभावाचाच भाग झाला. खुन्याला तर जो चिल हे नाव १९४८ मध्ये मिळालं. त्याआधी नऊ वर्षं तो बिननावाचाच होता. हे सगळं एकत्र ठेवलं की दिसतं, की बॅटमॅनची शोकांतिका एका विशिष्ट शहराची, गॉथमची, आहे. तिथे खुनी गर्दीत हरवू शकतो, तिथे सूड घेणं हा गुन्हा आहे, आणि तिथे सूडाची आग असलेल्या माणसाला ती न संपणाऱ्या एका कामात वळवावी लागते. जीव न घेणं ही त्याची कायद्याशी केलेली तडजोड आहे. मुखवटा घालून कायदा मोडणारा हा माणूस एवढी एकच रेषा ओलांडत नाही, म्हणून पोलीस कमिशनर गॉर्डन त्याच्याशी बोलू शकतो.

आता हाच मुलगा एदोत, म्हणजे जुन्या तोक्योत, जन्मला असं धर. तोकुगावा शोगुनांचा अंमल १६०३ ते १८६८. त्या अंमलात सामुराईच्या मुलासाठी बापाचा सूड हा गुन्हा नव्हता. ती परवानगी घेऊन पार पाडायची गोष्ट होती. तिला काताकिउची म्हणत. नियम ठरलेले होते. सूड वडीलधाऱ्यासाठीच घ्यायचा: आई, बाप, थोरला भाऊ, धनी. बापानं मुलासाठी किंवा थोरल्यानं धाकट्यासाठी घ्यायचा नाही. आधी आपल्या दाइम्योकडून, म्हणजे धनी असलेल्या सरदाराकडून, रजा मिळवायची, मग एदोतल्या कचेरीच्या वहीत नाव चढवायचं, वैरी सापडला की तिथल्या अधिकाऱ्याला कळवायचं, आणि काम झाल्यावर पुन्हा वर्दी द्यायची. सुडावर उलटा सूड घ्यायला मनाई, म्हणजे हिशेब तिथेच मिटला. वैऱ्याच्या शोधात कित्येकांची उमर गेली, आणि अनेकांना तो सापडलाच नाही. पुढच्या मेइजी सरकारनं १८७३ मध्ये ही प्रथा कायद्यानं बंद केली, तोवर ती चालली. या जगात ब्रूस वेनला मुखवटा लागत नाही, गुहा लागत नाही, रात्रही लागत नाही. त्याला एक अर्ज लागतो. तो भर दुपारी, साक्षीदारांसमोर, आपल्या खऱ्या नावानं जो चिलला मारू शकतो, आणि घरी परत येऊन मानानं जेवायला बसू शकतो. तुझ्या पाचव्या पानावर तो अंधारात दबा धरून बसलेला पाहिला तेव्हा मनात पहिला प्रश्न हाच आला, की हा लपतो आहे तो कोणापासून?

इथे तुझी कल्पना कोसळते असं समजू नकोस. इथेच ती उभी राहते. बॅटमॅनची ओळखीची कृती तशीच ठेव: तो खुन्याला शोधतो, त्याला गाठतो आणि मारत नाही. गॉथममध्ये हे न मारणं म्हणजे कायद्याचा मान राखणं. एदोत तेच न मारणं म्हणजे आज्ञाभंग. दाइम्योनं दिलेली रजा त्यानं वाया घालवली, वहीतलं नाव तसंच लोंबकळत ठेवलं, बापाच्या आत्म्याचं देणं फेडलं नाही, घराण्याला काळिमा लावला. गॉथममध्ये जी गोष्ट त्याला खुन्यांपासून वेगळं करते, ती इथे त्याला भित्र्यांच्या रांगेत बसवते. आता मुखवट्याला काम मिळालं. दिवसा तो बापाचा सूड न घेणारा नालायक मुलगा म्हणून हेटाळणी सोसतो, आणि रात्री जे करतो ते उघड झालं तर हेटाळणीची जागा शिक्षा घेईल. कृती एकच, कायदा बदलला, अर्थ उलटा झाला. शिरस्त्राणाचं एकही चित्र न काढता सामुराई बॅटमॅन तयार झाला.

हा माझ्या मनचा नियम नाही, चांगल्या रूपांतरांत तो पुन्हा पुन्हा दिसतो. मार्क मिलारच्या 'सुपरमॅन: रेड सन' या २००३ च्या मालिकेत सुपरमॅनचं यान कॅन्सासऐवजी सोव्हिएत युक्रेनच्या सामुदायिक शेतावर उतरतं. छातीवरची खूण बदलते, पण गंमत खुणेत नाही. सगळ्यांना वाचवायची त्याची तीच जुनी धडपड तिथे सगळ्यांवर पाळत ठेवणारी राजवट होऊन बसते. कुरोसावांनी 'रान'मध्ये (१९८५) किंग लिअरला युद्धकाळातल्या जपानात नेलं तेव्हा तीन मुलींच्या जागी तीन मुलगे आणले, कारण त्या जगात गडकिल्ले मुलग्यांना वाटले जात. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे म्हाताऱ्याला त्यांनी रक्तानं माखलेला भूतकाळ दिला. राज्य मिळालं ते कोणाला तुडवून, हा त्या जगाचा प्रश्न शेक्सपिअरच्या राजाला कोणी विचारलेला नव्हता. आपल्याकडे शिरवाडकरांनी १९७० मध्ये 'नटसम्राट' लिहिताना मुकुट बाजूलाच ठेवला. असलं नसलं ते मुलांना देऊन मोकळा होणारा बाप मराठी मध्यमवर्गात कुठे सापडेल, हे त्यांनी शोधलं आणि रंगभूमीवरून निवृत्त झालेला नट त्यांच्या हाती लागला. गणपतराव बेलवलकर राजासारखे दिसत नाहीत, तरी लिअरच्या मराठी अवतारांत तेच जास्त पोचले.

उलट दाखलेही पाहा. २०१८ चा 'बॅटमॅन निंजा' डोळ्यांची मेजवानी आहे. 'आफ्रो सामुराई'चे ताकाशी ओकाझाकी यांनी त्यातली पात्रं घडवली आहेत, आणि गॉथमचे खलनायक युद्धकाळातले दाइम्यो होऊन किल्लेच्या किल्ले यंत्रमानवासारखे चालवतात. पण त्यात बॅटमॅन कालयंत्रानं तिथे पोचतो. तो आजचाच राहतो, पाहुणा राहतो, त्यामुळे त्या जगाचा कोणताही नियम त्याच्या शपथेला टेकत नाही. दुसरा दाखला आपल्या मुंबईचा आहे. २००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी 'स्पायडर-मॅन: इंडिया' काढलं, त्यात गावाकडून मुंबईत आलेला पवित्र प्रभाकर धोतरात उड्या मारतो. धोतराबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याची शक्ती त्याला एका योग्याकडून मिळते. मूळ पीटर पार्कर निवडलेला नव्हता. कोळी कोणालाही चावला असता, आणि म्हणूनच त्या शक्तीचं काय करायचं हा भार त्याचा एकट्याचा होता. वरदान आलं की मागे देणारा आला, हेतू आला, आणि भाराची जागा नेमणुकीनं घेतली. कायदा बदलला खरा, पण ज्या कृतीवर नायक उभा होता तीच त्या बदलात पातळ झाली. याउलट १९८२ ची क्लेअरमाँट आणि मिलर यांची चार अंकांची 'वुल्व्हरिन' बघ. तिथे वुल्व्हरिन, म्हणजे लोगन, चिलखत घालत नाही. प्रेयसी मारिकोच्या वडिलांशी त्याचं लाकडी तलवारींचं द्वंद्व होतं, लोगन पंजे बाहेर काढतो, आणि तिच्या डोळ्यांदेखत जनावर ठरतो. ज्या पंज्यांनी आजवर त्याला जिंकवलं त्यांनीच त्याला हरवलं. सामुराईची गोष्ट याला म्हणायचं.

आता जपानी इतिहासातला एक प्रसंग तुझ्या फार कामाचा आहे. १७०१ मध्ये आको जहागिरीच्या आसानो यांनी एदोच्या गडात कीरा या दरबारी अधिकाऱ्यावर शस्त्र उपसलं. शोगुननं त्यांना त्याच दिवशी सेप्पुकू, म्हणजे पोट चिरून आत्महत्या, करायला लावलं. त्यांचे नोकर धन्यावाचून रोनिन झाले आणि १७०३ च्या सुरुवातीला त्यांच्यातल्या सत्तेचाळीस जणांनी कीराला त्याच्या वाड्यात शिरून मारलं. परवानगी त्यांनी मागितली नव्हती, मागून मिळालीही नसती, कारण धन्याला कीरानं मारलंच नव्हतं. मारलं होतं ते शोगुनच्या हुकमानं. पुढे विद्वानांत जुंपली. मुरो क्यूसोनी त्यांना निष्ठेचा आदर्श म्हटलं, सातो नाओकातांनी गुन्हेगार ठरवलं, ओग्यू सोराईंनी भावना मान्य करून कायदा वर ठेवला. सरकारनं त्यांना सामान्य गुन्हेगारासारखं न मारता सेप्पुकूचा मान दिला, म्हणजे शिक्षाही दिली आणि आदरही. बॅटमॅनविषयी आपण आज जो वाद घालतो, तो एदोच्या पंडितांनी तीनशे वर्षांपूर्वी घालून ठेवला आहे. आणखी एक गंमत. त्यांचा म्होरक्या ओइशी कुरानोसुके, कीराच्या हेरांना चकवण्यासाठी क्योतोच्या रंगमहालांत दारू ढोसून पडलेला असे, अशी आख्यायिका आहे. ब्रूस वेनचं उधळ्या श्रीमंताचं सोंग हेच. म्हणजे दिवसाचा मुखवटा तुला अमेरिकेतून आणायची गरज नाही. तिथल्या प्रेक्षकाला तो पाठ आहे.

आणि ज्यांना वाटतं की अशी काळाची अदलाबदल ही आजच्या कॉमिकवाल्यांची थेरं, त्यांना याच प्रसंगाचा पुढचा भाग सांग. ताज्या राजकीय घटना रंगमंचावर आणायला शोगुनशाहीत बंदी होती. म्हणून १७४८ मध्ये ओसाकाच्या बाहुलीनाट्यगृहात 'कानादेहोन चूशिंगुरा' आलं तेव्हा लेखकांनी सगळी गोष्ट चौदाव्या शतकात ढकलली, कीराचा मोरोनाओ केला, ओइशीचा युरानोसुके केला. प्रेक्षक काय ते समजत होते. जुना काळ तिथे सजावट नव्हता. समोर बोलता येत नव्हतं ते बोलायची ती वाट होती. तुझ्या कॉमिकनंही जुन्या काळाकडून एवढं काम करून घ्यावं.

एवढं मान्य असेल तर तपशील आपोआप जागेवर बसतात. काळ एदोचा घे, युद्धकाळ नको. जिथे रोज लढाया चालू आहेत तिथे मोडायला कायदाच नसतो. एदोच्या शांततेत चिलखत पेटीत पडून असे, त्यामुळे तुझं लाडकं शिरस्त्राण छपरावर घालून हिंडणारा माणूस वेडा दिसेल. चेहरा लपवायला डोक्यावरून गुंडाळायचं काळं कापड पुरेल. बदनाम वस्तीत जाणारे मानकरी तसंही तोंड झाकूनच जात. वटवाघळाचाही विचार कर. गॉथममध्ये ते गुन्हेगारांना घाबरवतं, पण चीनमध्ये ते भाग्याचं चिन्ह आहे, तोच भाव जपानी नक्षीत आला, आणि एदोत सातवे इचिकावा दान्जूरो या काबुकी नटामुळे वटवाघळाची नक्षी लोकांच्या आवडीची झाली. तेव्हा भीती चित्रातून येणार नाही. ती दुसरीकडून आण: सामुराईच्या अंगावरची खूण घराण्याची असते, ती पाहिली की धनी कोण ते कळतं. कोणत्याच घराण्याची नसलेली खूण घेऊन हिंडणारा माणूस म्हणजे कोणाचाच नोकर नसलेला माणूस, आणि त्या व्यवस्थेला चोरापेक्षा त्याची धास्ती जास्त. शस्त्राचंही तसंच. अठराव्या शतकात सुमारे दहा लाख वस्तीचं एदो दोन नगराधिकाऱ्यांच्या कचेऱ्या सांभाळत. दर कचेरीला योरिकी नावाचे साधारण २५ अंमलदार आणि त्यांच्या हाताखाली दोशिन नावाचे शिपाई. या शिपायांकडे जित्ते असे: बाजूला आकडा असलेला लोखंडी दांडा, ज्यानं तलवार अडकवायची आणि माणूस जिवंत पकडायचा. जोडीला बांधायची दोरी. बॅटमॅनचा कमरपट्टा तिथे तयारच आहे. दोन तलवारी बाळगायचा जन्मसिद्ध हक्क असलेल्या माणसानं त्या म्यानात ठेवून हलक्या हुद्द्याच्या शिपायाचा दांडा उचलावा, यात त्याची शपथही आली आणि त्याचा अधःपातही आला. संवादाची गरज उरली नाही.

आता तू काय म्हणशील ते मला दिसतं. पहिलं म्हणशील, मामा, बारा पानं आहेत, कादंबरी नाही. लोक सामुराई बॅटमॅन पाहायला येतात, काताकिउचीची नियमावली वाचायला नाही. पाहण्याचं सुख मी कमी लेखत नाही. पण ते सुख एक पोस्टर पुरतं देतं. दुसरी चौकट आली की 'मग काय झालं' आलं, आणि 'का झालं' त्याच्या पाठोपाठ येतं. नियमावली कोणी वाचणार नाही हे खरं, म्हणून ती लिहायचीही नाही. कचेरीतली वही, तिच्यावर टेकलेला कुंचला, मान खाली घातलेला पोरगा: तीन चौकटींत सगळा कायदा सांगून होतो. स्कॉट मॅक्क्लाउडनं १९९३ च्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स'मध्ये दाखवलं आहे, की जपानी चित्रकथा एकाच क्षणाची वेगवेगळी अंगं शेजारी ठेवून वेळ थांबवतात. मारायचं की नाही, या एका क्षणासाठी ती रीत जणू घडवलेलीच आहे. उलट मी म्हणेन, हा विषय लहान कॉमिकचाच आहे. लांबवला की जोकर येतो, रॉबिन येतो, प्रत्येकाला जपानी पोशाख द्यावा लागतो, आणि गोष्टीचं कपाट होतं. बारा पानांत एक प्रश्न मावतो, आणि तो पुरेसा मोठा आहे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. गुहा गेली, वटवाघळाची भीती गेली. मग हा बॅटमॅन कशावरून? कोणताही सामुराई म्हण की. यावर उत्तर त्याच्याच इतिहासात आहे. १९३९ ची बरीच लक्षणं टिकलेली नाहीत. तो बंदूक वापरत असे, माणसं मारत असे, आणि तरी वाचकानं त्याला ओळखणं सोडलं नाही. सगळ्या बदलांनंतर पक्कं झालं ते इतकंच: लहानपणी झालेला घात, त्यातून आलेली शपथ, आणि हातात आलेल्या माणसाला न मारण्याचा हट्ट. ही तीन हाडं शाबूत असतील तर मांस कुठल्याही देशाचं चालेल. संपत्तीचं मात्र तुला ठरवावं लागेल. एदोत पैसा व्यापाऱ्यांकडे आणि तलवारी सामुराईंकडे. तांदळाच्या शिध्यावर जगणारे मानकरी सावकारांच्या कर्जात असत. हिदेयोशीनं १५८८ मध्ये शेतकऱ्यांची शस्त्रं काढून घेतली तेव्हापासून ही दरी रुंदावत गेली होती. ब्रूस वेन एकाच वेळी कोट्यधीश आणि योद्धा असतो, ती सोय तिथे नाही. मी असतो तर पैसा सोडला असता. गरीब सामुराईचा बॅटमॅन यंत्रांवर विसंबू शकत नाही, आणि मग त्याच्या निर्णयाआड उभं राहायला काही उरत नाही.

तिसरा आक्षेप नैतिक आहे: आपण कोण जपान रंगवणारे? हा शौक परक्यांनी जपानला चिकटवलेल्या सामुराईचा तर नाही ना? शंका रास्त आहे, म्हणून तिला उडवून लावू नकोस. पण 'अस्सल सामुराई' हाही बऱ्याच अंशी नंतर घडवलेला पुतळा आहे. नितोबे इनाझो यांचं 'बुशिदो' १९०० मध्ये आलं तेच इंग्रजीत, परक्यांना जपान समजावून देण्यासाठी, आणि तेव्हा सामुराई वर्ग मोडून दोन-तीन दशकं लोटली होती. तलवार बाळगण्यावर १८७६ मध्येच बंदी आली होती. खुद्द जपानी चित्रकारांना बॅटमॅनला सामुराई करायची घाई नव्हती. जिरो कुवातांनी १९६६-६७ मध्ये जपानी वाचकांसाठी बॅटमॅन काढला तेव्हा त्याचा झगा आणि मुखवटा तसाच ठेवला. त्यांच्याकडे स्वतःचे मुखवटेधारी होतेच: ओसारागी जिरोंचा कुरामा तेंगू १९२४ पासून काळ्या कापडात तोंड गुंडाळून क्योतोत फिरत होता, आणि कामिशिबाई म्हणजे रस्त्यावर चित्रं दाखवत गोष्ट सांगायची जी रीत, आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीची चुलत बहीण म्हण, तिच्यातला कवटीच्या तोंडाचा 'गोल्डन बॅट' बॅटमॅनच्याही आधीचा. तेव्हा परकेपणाचा दोष टाळायचा उपाय 'काढू नये' हा नाही. 'माहिती करून घेऊन काढावं' हा आहे. क्योतोत जन्मून हवाईत वाढलेल्या स्टॅन साकाईंनी १९८४ पासून 'उसागी योजिंबो'मध्ये चक्क ससा रोनिन केला, आणि तरी त्यातली शेती, कुंभारकाम, सणवार इतके नेमके असतात की सशाचे कान कोणाला खटकत नाहीत. जिथे तपशील खरा असतो तिथे कल्पनेला सूट मिळते.

तेव्हा पानांची वाटणी बदल. घाताला दोन पानं पुरे. १९३९ मध्येही तेवढीच लागली. शोधाची वर्षं एका पानात. तुझी मारामारीची पाच पानं दोनवर आण, म्हणजे मधल्या चार-पाच पानांत वैरी, दोरी आणि म्यानातली तलवार यांना जागा मिळेल. आणि शेवटच्या भागात एक पात्र वाढव: त्याचा काका, घराण्याचा कर्ता, त्याला दारातून परत पाठवणारा. या काकाला मूर्ख किंवा दुष्ट काढलंस तर सगळं फुकट जाईल. त्याच्या कायद्यानं तो बरोबर आहे. दरोडेखोर जिवंत राहिला म्हणजे मेलेल्या भावाचं देणं राहिलं, आणि ज्यांच्या पोटाला या घराचा शिधा लागतो त्यांची अब्रू गेली. हे त्याला नीट, शांतपणे, पटेल असं बोलू दे. आजच्या वाचकाला न मारणारा नायक आयता पटतो, कारण त्याचा कायदा तेच सांगतो. त्या वाचकाला चार चौकटींपुरतं का होईना काकाचं म्हणणं खरं वाटलं पाहिजे, म्हणजे पुतण्याचा नकार किती महागाचा आहे ते त्याला कळेल. गॉथममध्ये त्या नकाराची किंमत बॅटमॅनला कधी पुरती मोजावी लागत नाही; शहर त्याच्या बाजूनं असतं. एदोत ती मोजावी लागते, आणि त्याला तिथे नेण्याचं माझ्या दृष्टीनं हे एकच सबळ कारण आहे.

नवा आराखडा झाला की पाठव. काकाचे संवाद आधी लिही, चित्रं मागाहून.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
मामा